पगार जनतेचा, निवड कोणाची?

(नांदेड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या अभ्यासवर्गात मी बेकारीच्या प्रश्नावर बोलावे, अशी संयोजकांची सूचना होती. अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाचे बेकारीवरील भाषण म्हणजे आकड्यांची जंत्री, अशी मनाची तयारी करूनच तुम्ही आला असाल. मी मात्र त्या मोठ्या प्रश्नाचा एक लहान कोपराच आज निवडला आहे. आपल्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत कारखानदारी बेताची आहे, शेती बहुतांशी कोरडवाहू आहे. अशा प्रदेशात शिकलेल्या तरुणाला जी नोकरी प्रतिष्ठेची आणि खात्रीची वाटते ती शिक्षकाची किंवा प्राध्यापकाची. ही नोकरी त्याला कोण देतो, कशी देतो आणि कोणत्या अधिकाराने देतो, एवढाच माझा विषय आहे.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मुखेड तालुक्यातील एक शेतकरी एके दिवशी सकाळी माझ्या घरी आला. त्याचा मुलगा माझा विद्यार्थी. एम.ए. प्रथम वर्गात, सेट उत्तीर्ण. एका महाविद्यालयात जागा निघाली होती आणि संस्थेने आपली अपेक्षा मध्यस्थामार्फत कळविली होती. चहाचा कप खाली ठेवून तो म्हणाला, “सर, दोन एकर रान इकावं म्हणतो. तुमी अर्थशास्त्राचे मास्तर हाव. सांगा, परवडंल का?”

हिशेब मला येत होता. कोरडवाहू दोन एकरांत सोयाबीन-तुरीचे खर्च वजा जाता जे उरते ते एका बाजूला आणि तीस वर्षांचा प्राध्यापकाचा पगार दुसऱ्या बाजूला. कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा, उत्तर एकच येते : विका. मी त्याला सांगितले, “विकू नका.” आज तो मुलगा बेचाळीस वर्षांचा आहे आणि दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवितो. त्याच वर्षी ज्याच्या वडिलांनी जमीन विकली तो माझा दुसरा विद्यार्थी कायम नोकरीत आहे. माझा सल्ला बरोबर होता की नाही, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही. ज्या व्यवस्थेत प्रामाणिक सल्ला देणाऱ्याला पश्चात्ताप करावा लागतो, त्या व्यवस्थेचे विश्लेषण करणे हे माझ्यासारख्याचे कर्तव्य ठरते.

जागेला किंमत का येते?

भ्रष्टाचार हा माणसाच्या स्वभावाचा दोष आहे, असे म्हणून आपण पुष्कळदा विषय संपवितो. मला ते पटत नाही. संस्थाचालक जन्मतः लोभी असतो आणि शेतकरी जन्मतः भोळा, असे काही नसते. जागेला किंमत येते त्याचे कारण व्यवहाराच्या रचनेत आहे.

अनुदानित शाळेतील किंवा महाविद्यालयातील कायम शिक्षकाचा पगार शासनाच्या तिजोरीतून येतो. निवडीची किल्ली मात्र संस्थेच्या हाती असते. म्हणजे तीस वर्षे वाहणाऱ्या एका पाटाचे पाणी सरकारचे. पण दार उघडणारा माणूस वेगळा, आणि त्या पाण्यासाठी त्याला स्वतःचे काही खर्च करावे लागत नाही. अशा ठिकाणी दार उघडण्याचेच मोल घेतले जाऊ लागते. अर्थशास्त्रात आपण ज्याला खंड म्हणतो, तो हाच. जमिनीचा मालक न राबता खंड घेतो, तसा येथे निवडीचा मालक घेतो. पुढील पगाराची खात्री जितकी अधिक, तितका खंड अधिक. वेतन आयोग आला की शिक्षकाचा पगार वाढतो आणि त्याच्या पाठोपाठ जागेचा भावही वाढतो. शिक्षकाच्या हिताची लढाई आपण जिंकतो. तिच्यातील मोठा वाटा भावी शिक्षकाच्या बापाकडून आधीच वसूल झालेला असतो.

याउलट लातूरला पाहा. तेथील खाजगी शिकवणी वर्गांना मी आदर्श मानत नाही. परंतु तेथे शिक्षक कसा निवडला जातो? उमेदवाराला फळ्यासमोर उभे करतात, भौतिकशास्त्राचा एखादा अवघड भाग शिकवायला सांगतात आणि मुलांना समजले की नाही ते पाहतात. उमेदवार कोणाचा भाचा आहे हे तेथे गौण ठरते. कारण उघड आहे. पगार वर्गचालकाच्या खिशातून जातो. वाईट शिक्षक घेतला तर पुढच्या वर्षी मुले शेजारच्या वर्गात जातात. अनुदानित संस्थेत वाईट निवडीचा तोटा संस्थाचालकाला होत नाही. तो होतो ज्यांना शिकवणी परवडत नाही त्या मुलांना.

यावरून कोणी असे म्हणेल की, मग सारे शिक्षण बाजाराच्या स्वाधीन करा. तो निष्कर्ष चुकीचा आहे. शिकवणी वर्गाचा मालक पैसे देणाऱ्या मुलाच्या गरजेपुरताच शिक्षक निवडतो. कंधारच्या किंवा अहमदपूरच्या खेड्यातील शेतमजुराची मुलगी त्याच्या हिशेबात येत नाही. योग्य निष्कर्ष एवढाच की, जो पगार देतो त्याची नजर निवडीवर असली पाहिजे. अनुदानित संस्थांत पगार जनता देते. म्हणून निवड जनतेच्या नजरेसमोर झाली पाहिजे. माझे सारे प्रतिपादन या एका वाक्यात आहे.

आपला वारसा

आपल्या भागातील शिक्षणसंस्था या अशा व्यवहारासाठी निघाल्या नव्हत्या. निजामी राजवटीत मातृभाषेतून शिक्षण देणारी शाळा काढणे हीच एक राजकीय कृती होती. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिक्षक होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व शिक्षकाच्या खुर्चीतून उठून आले, हे आपण विसरू नये. मुक्तीनंतर १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. १९६१ मध्ये लातूरला दयानंद महाविद्यालय, १९६३ मध्ये नांदेडला यशवंत महाविद्यालय, १९७० मध्ये लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय सुरू झाले. १९५८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामीजींच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. ज्या प्रदेशात साक्षरता हीच दुर्मीळ होती तेथे दोन पिढ्यांत एवढे उभे राहिले. हे काम कार्यकर्त्यांनी केले, आणि त्यांनी ते पदरमोड करून केले.

नरहर कुरुंदकरांचे उदाहरण या संदर्भात मला महत्त्वाचे वाटते. ते आधी प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते प्राचार्यपदी होते. परीक्षा आणि पदव्या यांच्या वाटेने हा माणूस फार रखडत गेला. आजच्या छाननीच्या तक्त्यात त्यांना किती गुण मिळाले असते, कोण जाणे. संस्थेच्या विवेकाने त्यांना ओळखले. म्हणजे निवडीतील स्वातंत्र्य ही मुळात वाईट गोष्ट नव्हे. ध्येयनिष्ठ हातांत ते स्वातंत्र्य कुरुंदकर शोधते. ध्येय सुटलेल्या हातांत तेच स्वातंत्र्य भाचा, जावई आणि निवडणुकीतला बूथप्रमुख शोधते. स्वातंत्र्याची कसोटी उत्तरदायित्व ही आहे.

लातूरचा जो ‘पॅटर्न’ महाराष्ट्रभर गाजला, त्याच्या मुळाशीही हेच होते. प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात राजर्षी शाहू महाविद्यालयातील प्राध्यापक वर्गाबाहेर जादा तास घेत, सराव परीक्षा घेत, मुलांच्या मागे लागत. पुढे त्या यशाचे काय झाले, त्याचा बाजार कसा झाला, हा वेगळा विषय आहे. पण आरंभी तरी ते यश शिक्षकाचे होते आणि शिक्षक नीट निवडले गेले होते.

कायदे आले, वाट बदलली

शासनाने काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७७ मध्ये खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला, १९८१ मध्ये त्याची नियमावली आली. संस्थाचालकाच्या लहरीवर शिक्षकाला घरी बसविण्याचा प्रकार त्याने बराच थांबला. दाद मागायला न्यायाधिकरण मिळाले. शिक्षक संघटनांच्या लढ्याचे हे मोठे यश आहे. परंतु या कायद्याने नोकरी सुरक्षित केली. नोकरीत येण्याची वाट मात्र सुरक्षित केली नाही. नेमणूक शाळा समितीच्याच हाती राहिली. परिणाम विचित्र झाला. आत गेलेला सुरक्षित झाला आणि म्हणूनच आत जाण्याचे मोल वाढले.

२००० साली शिक्षण सेवक योजना आली. तीन वर्षे मानधनावर काम आणि मग वेतनश्रेणी. प्राथमिक शाळेत हे मानधन आरंभी महिना ३,००० रुपये होते. २०२३ मध्ये ते वाढवून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयाला २०,००० रुपये करण्यात आले. दरम्यान ‘कायम विनाअनुदानित’ शाळांचे पेव फुटले. ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला आणि आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर हजारो शिक्षक वर्षानुवर्षे बिनपगारी राबले. आशेलाही बाजारभाव असतो हे त्या शाळांनी दाखवून दिले.

जागा निर्माण होते ती विद्यार्थीसंख्येवर. तेव्हा जागा विकायच्या तर आधी विद्यार्थी हवेत. नसतील तर हजेरीपटावर हवेत. हे गणित उघडे पडले ते आपल्याच जिल्ह्यात. प्रत्यक्ष मुले मोजण्याची मोहीम प्रथम नांदेडमध्ये झाली आणि त्यानंतर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. मतदाराच्या बोटाला लावतात तशी मुलांच्या बोटाला शाई लावावी लागली, कारण तीच मुले एका शाळेतून दुसऱ्या शाळेत मोजायला नेली जात. लोकशाहीतील शाई शाळेत वापरावी लागावी, यापेक्षा बोलके दृश्य मला माहीत नाही. मे २०१२ मध्ये शासनाने अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन होईपर्यंत शिक्षकभरतीवर बंदी घातली. पाप पटावरच्या खोट्या मुलांचे आणि शिक्षा खऱ्या बेकार तरुणांना, असा त्याचा अर्थ झाला.

मग परीक्षा आल्या. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली. २०१७ मध्ये अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि ‘पवित्र’ नावाची संगणकीय भरतीप्रणाली आली. कल्पना चांगली होती : परीक्षा राज्याची, गुणवत्ता यादी सर्वांना दिसणारी, निवड त्या यादीतून. परंतु संस्थाचालकांचा विरोध झाला आणि मुलाखतीचा अधिकार त्यांच्याकडे राहिला. एका जागेसाठी आधी दहा आणि पुढे तीन उमेदवार संस्थेकडे पाठवायचे, त्यांतून संस्थेने एक घ्यायचा. दहाचे तीन झाले ही सुधारणाच आहे. पण तिघांतला एक घेतानाही दार उघडणारा हात तोच असतो. आणि वेग पाहा. परीक्षा डिसेंबर २०१७ मध्ये झाली. पहिली शिफारस यादी यायला ऑगस्ट २०१९ उजाडला. दुसरी चाचणी २०२३ मध्ये झाली आणि ११ हजारांहून अधिक उमेदवारांची यादी फेब्रुवारी २०२४ मध्ये लागली. दोन चाचण्यांमध्ये पाच वर्षे! तेवढ्या काळात कित्येकांची वयोमर्यादा उलटून गेली.

परीक्षाही शुद्ध राहिली नाही. २०१९-२० च्या पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आला आणि सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ ओळखक्रमांकांवर पगार निघत असल्याचे प्रकरण बाहेर आले. तेथे तर निवडही झाली नव्हती, फक्त पगार निघत होता. दार बंद केले की भिंतीला भगदाड पडते, एवढे यातून शिकायचे.

दहा मिनिटांची मुलाखत

आता महाविद्यालयांकडे येतो, कारण तेथे मी स्वतः अपराधी आहे.

वरिष्ठ महाविद्यालयात निवड समिती असते. संस्थेचा अध्यक्ष किंवा त्याचा प्रतिनिधी तिचा प्रमुख. प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंनी पाठविलेले सदस्य आणि बाहेरचे विषयतज्ज्ञ हे इतर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी आणखी एक गोष्ट केली. पदवी, संशोधन, अनुभव यांचे गुण केवळ उमेदवारांची छाननी करण्यासाठी धरायचे आणि अंतिम निवड केवळ मुलाखतीवर करायची, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे पंधरा वर्षांचे शिक्षण एका पारड्यात आणि बंद खोलीतील दहा मिनिटे दुसऱ्या पारड्यात. आणि वजन दहा मिनिटांचे.

अशाच एका बंद खोलीत मी विषयतज्ज्ञ म्हणून बसलो होतो. संस्थेचे नाव सांगत नाही. ती एकच असती तर सांगितले असते. पाचवा उमेदवार आत आला आणि त्याने ग्रामीण पतपुरवठ्याविषयी असे काही सांगितले की, मी टिपण घेऊ लागलो. मुलाखती संपल्या. अध्यक्षांनी जेवणाची व्यवस्था चांगली ठेवली होती. जेवणानंतर तक्ता समोर आला. गुणांचे रकाने पेन्सिलीने आधीच भरलेले होते. पाचव्या उमेदवाराचा क्रमांक चौथा होता. मी म्हणालो, “हे बरोबर नाही.” अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “सर, आमचं ठरलेलं आहे. तुम्ही कशाला वाईटपणा घेता?” बाकीचे खाली पाहत होते. मी सही केली. प्रवासभत्ता घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने घरी आलो.

त्या सहीने माझे काही बिघडले नाही. त्या मुलाचे बिघडले. आज येथे बसलेल्यांपैकी जे निवड समित्यांवर जातात त्यांना मला एवढेच सांगायचे आहे : सही करण्यापूर्वी भिन्नमत नोंदविण्याचा अधिकार आपल्याला असतो. मी तो वापरला नाही. तुम्ही वापरा.

जागा भरल्याच जात नाहीत ही याची दुसरी बाजू. २०१८ मध्ये राज्यात सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागांना मंजुरी मिळाली. त्यांतील २,०८८ जागा २०२१ मध्येही रिकाम्या होत्या आणि त्यांना नव्याने परवानगी द्यावी लागली. मधल्या काळात शिकवितो कोण? तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक. २०२३ मध्ये पदवी वर्गासाठी त्याचा दर तासाला ९०० रुपये झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्येच १,५०० रुपये सुचविले होते. आठवड्याला नऊ तास आणि चार आठवडे धरले तर महिन्याचे ३२,४०० रुपये होतात. तेही सर्व तास झाले तर. दिवाळी, परीक्षा आणि उन्हाळा यांचे काही नाही. शेजारच्या खुर्चीवरील कायम सहायक प्राध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतनच ५७,७०० आहे, भत्ते वेगळे. एकाच वर्गात, एकाच पाठ्यपुस्तकावर, एकाच मुलांना शिकविणाऱ्या दोन माणसांत ही दरी आहे. शेतमजुराच्या किमान वेतनासाठी मोर्चे काढणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मजूर दिसला नाही, कारण त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता.

कोण बाहेर राहतो?

या व्यवहारात कोण हरते याचा वर्गीय विचार आपण केला पाहिजे. ज्याच्याकडे विकायला दोन एकर आहेत तो निदान बोली लावू शकतो. भूमिहीनाच्या मुलाला तीही सोय नाही. दलित, भटक्या-विमुक्त कुटुंबांतील पहिली पदवीधर पिढी या विद्यापीठांतून बाहेर पडली. १९७८ ते १९९४ या काळात विद्यापीठाच्या नामांतरासाठी मराठवाड्याने काय सोसले, नांदेड-परभणीच्या खेड्यांत काय घडले, हे तुम्हांला मी सांगायला नको. त्या लढ्याचा गाभा विद्यापीठाच्या पाटीवरील अक्षरांपुरता नव्हता. ज्ञानाच्या घरात बरोबरीने बसण्याचा हक्क हा त्याचा गाभा होता. बिंदुनामावलीने राखीव जागा मिळते, पण तिच्यावरही बोली लागू शकते. मग सामाजिक न्यायाचे दार उघडते ते त्याच समूहातील सर्वांत सुस्थित घरासाठी.

आणखी एक तोटा आहे. तो सार्वजनिक जीवनाचा. कर्ज काढून आलेला शिक्षक पहिली दहा वर्षे कर्ज फेडतो. संस्थाचालकाच्या निवडणुकीत तो मतदारयादी घेऊन घरोघर फिरतो, सभेला मुले पाठवितो आणि गावात अन्याय झाला तर गप्प बसतो. एके काळी आपल्या अभ्यासमंडळांचा, सेवादलाच्या शाखांचा कणा शिक्षक होता. आज खेड्यांत आपल्याला कार्यकर्ता का मिळत नाही, याची कारणे शोधताना आपण प्रसारमाध्यमांपर्यंत जातो. शाळेच्या नेमणूकपत्रापर्यंत जात नाही. मिंधा शिक्षक स्वतंत्र नागरिक घडवू शकत नाही.

आयोग नेमला की भागले?

यावर उपाय म्हणून सर्व भरती लोकसेवा आयोगाकडे द्या, अशी मागणी होते. मी तिच्या बाजूचा आहे. परंतु दोन राज्यांचा अनुभव डोळ्यांसमोर ठेवून.

पहिला केरळचा. १९५७ मध्ये नंबुद्रिपाद सरकारचे शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी यांनी शिक्षण विधेयक आणले. अनुदानित शाळांतील शिक्षक लोकसेवा आयोगाच्या यादीतूनच घ्यावेत, असे त्याचे अकरावे कलम होते. पगार सरकारचा, तर निवडही सार्वजनिक, हे तत्त्व त्यात सरळ मांडलेले होते. विधेयक १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सल्ल्यासाठी गेले, रस्त्यावर आंदोलन पेटले आणि ३१ जुलै १९५९ रोजी ते सरकार बरखास्त झाले. पुढच्या सरकारने आयोगाच्या निवडीची तरतूद काढून टाकली. पगार मात्र सरकारचाच राहिला. त्या आंदोलनात काँग्रेस आणि धर्मसंस्था यांच्या जोडीने प्रजा समाजवादी पक्षही होता. कम्युनिस्टविरोधाच्या भरात आपल्या पूर्वसूरींनी एका योग्य तत्त्वाला विरोध केला, हे आज प्रांजळपणे कबूल करण्यात कमीपणा नाही.

दुसरा पश्चिम बंगालचा. तेथे डाव्या आघाडीच्या काळात, १९९७ मध्ये, शाळा सेवा आयोग स्थापन झाला. पुढे सरकार बदलले, आयोग तोच राहिला. २०१६ च्या भरतीत उत्तरपत्रिकांत फेरफार झाले, क्रमांक बदलले गेले आणि मूळ उत्तरपत्रिका नष्ट झाल्या. ३ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २५ हजारांहून अधिक नेमणुका रद्द केल्या. त्यांत निष्कलंक शिक्षकही गेले, कारण दस्तऐवजच नसल्यामुळे सारी प्रक्रियाच शुद्ध करता येत नव्हती. संस्थाचालकाची किल्ली काढून मंत्र्याच्या हाती दिली तर किल्ली बदलत नाही, खिसा बदलतो. आयोग हवा, पण त्याहून अधिक हवा तो उघडा दप्तरखाना.

आपल्या मागण्या

म्हणून मी पाच मागण्या मांडतो. एक, अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील प्रत्येक जागेसाठी राज्यस्तरीय परीक्षेच्या गुणांना निर्णायक वजन असावे आणि मुलाखतीचे वजन अल्प व ठरावीक असावे. दोन, मुलाखतीच्या जागी उघडा पाठ असावा : विद्यार्थ्यांसमोर, ध्वनिचित्रमुद्रणासह, आणि प्रत्येक परीक्षकाने दिलेले गुण त्याच दिवशी सूचनाफलकावर लागावेत. तीन, सर्व उत्तरपत्रिका, गुणतक्ते आणि बिंदुनामावली दहा वर्षे जतन करून मागेल त्याला पाहू द्याव्यात. चार, परीक्षा दरवर्षी ठरलेल्या महिन्यात व्हावी; जागा रिकामी झाल्यापासून एका वर्षाच्या आत भरली जावी. पाच, तोपर्यंत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्याला समान कामाला समान वेतन मिळावे. जागा रिकामी ठेवणे स्वस्त पडते, म्हणूनच ती रिकामी ठेवली जाते; ते महाग करा, जागा भरेल.

संस्थाचालकांची एक तक्रार खरी आहे आणि तिचे उत्तर दिले पाहिजे. इमारत, प्रयोगशाळा, वीज, ग्रंथालय यांचा खर्च भागविणारे वेतनेतर अनुदान अपुरे असते व वेळेवर येत नाही. “आम्ही देणगी घेतो ती यासाठीच,” असे ते म्हणतात. ज्यांचे म्हणणे प्रामाणिक आहे त्यांच्याबरोबर उभे राहून आपण वेतनेतर अनुदानासाठी लढू. परंतु ज्या देणगीची पावती मिळत नाही ती प्रयोगशाळेत दिसत नाही, हेही त्यांना सांगू.

शेवटचा मुद्दा अप्रिय आहे. आपल्या विचारांच्या, आपल्या मित्रांच्या, आपल्या नावाने चालणाऱ्या संस्थाही या महाराष्ट्रात आहेत. तेथे काय चालते हे विचारण्याचा संकोच आपण वर्षानुवर्षे केला. कायदा व्हायचा तेव्हा होईल. उघडा पाठ घ्यायला आणि गुण फलकावर लावायला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही. आपल्यापैकी जे विश्वस्त आहेत, शाळा समितीवर आहेत, त्यांनी येत्या जूनपासून एवढे करून दाखवावे. नंतरच आपल्याला इतरांच्या दारात मोर्चा नेण्याचा नैतिक अधिकार पोहोचेल.

मुखेडचा तो शेतकरी आता थकला आहे. गेल्या वर्षी एका लग्नात भेटला. दोन एकर रान अजून त्याच्याकडे आहे. त्याने मला दोष दिला नाही. फक्त म्हणाला, “सर, नातू हुशार हाय. त्याच्या टायमाला तरी इचारायला येऊ नये, असं करा.”

हे काम त्याने माझ्यावर सोपविले आहे. मी ते तुमच्यावर सोपवितो.